पायाला मुंग्या

"यंत्र खोटं बोलत नाय," असं चांगदेव सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. चांगदेव आमचा खोदाईचा ठेकेदार. जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट शोधायचं काम माझं, पण अक्कल सगळी त्याच्याकडे.

काल्हेरच्या त्या गल्लीत दोन दिवस लाइट नव्हती. यंत्राने फॉल्ट एकशे शहाऐंशी मीटरवर दाखवला होता. चांगदेवने डीपीच्या पेटीपासून टेप धरला, तो थेट बकुळामावशीच्या अंगणात गेला. लगेच ब्रेकर लावून त्याने तिची नवी लादी फोडायला घेतली.

मावशी आडवी आली. "हितं न्हाय, तिकडं हाय!" तिने शेजारच्या गोदामाच्या लोखंडी कुंपणाकडे बोट केलं. कुंपणाला लागून तिचा धुण्याचा दगड होता. "तितं पाय ठेवला का मुंग्या येतात. महिना झाला सांगते."

"ती तुमची साखर असंल, मावशी," चांगदेव म्हणाला. खोदणारी माणसं हसली.

मला हसू आलं नाही, कारण हा विनोद माझाच होता. महिन्यापूर्वी ती तक्रार घेऊन ऑफिसात आली होती. पायाला मुंग्या म्हणजे शुगर, गोड बंद करा, असं मीच तिला सांगितलं आणि रजिस्टरमध्ये 'तक्रार निकाली' लिहून मोकळा झालो. जागेवर जाऊन बघायची तसदी मी घेतली नव्हती.

"साखर काय माझ्या शेळीलापन व्हती?" तिने थेट माझ्याकडे बघत विचारलं. "मागल्या आठवड्यात त्याच दगडापाशी मेली ती."

आता कोणी हसलं नाही. पण ब्रेकर थांबला नाही आणि मीही तो थांबवला नाही. लादीचे तुकडे झाले, तीन फूट खड्डा झाला, खाली केबल लागली. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

खड्ड्यातली ती केबल बघताना मला आठवलं. नऊ वर्षांपूर्वी ती मीच टाकली होती. पुढे कधी जोड मारायला लागला तर हाताशी असावी म्हणून वाटेत बारा मीटरचं वेटोळं करून पुरलं होतं, आणि नकाशावर दाखवायचं राहून गेलं होतं. यंत्र केबल मोजतं, टेप जमीन मोजतो. एकशे शहाऐंशीतून बारा वजा केले की टेप धुण्याच्या दगडापाशी येत होता. चांगदेवला मी शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या वाटणीच्या होत्या.

खात्री करायची तर केबलमध्ये जोराचे झटके सोडून वरून जमिनीचा आवाज ऐकावा लागतो. फॉल्ट असेल तिथे आत धप्प होतं. पण गोदामात फोर्कलिफ्ट घरघरत होत्या. दहा मिनिटं बंद ठेवा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, "बुढ़िया के पैर के लिए मेरा माल रुकेगा?"

माझा पारा चढला. "ठीक है, मत रोको. तुम्हारी ये फेन्सिंग पकड़ के खड़े रहो. मैं झटका छोड़ता हूँ."

फोर्कलिफ्ट थांबल्या. सगळ्यांना लांब काढून मी कानाला हेडफोन लावला आणि एकेक पाऊल पुढे सरकलो. धप्प आवाज सगळ्यात मोठा दगडापाशीच आला. झटके बंद करून तिथे खोदलं. गोदामवाल्यांनी महिन्यापूर्वी ठोकलेल्या कुंपणाचा अँगल केबलमध्ये घुसला होता. केबल जळून काळी पडली होती. या ओल्या जागेवर बाई महिनाभर अनवाणी धुणं धूत होती. ती जिवंत आहे यात माझी कर्तबगारी काडीची नाही.

संध्याकाळी लाइट आली. फोडलेल्या अंगणात मावशीने आम्हाला चहा दिला. एक घोट घेतला आणि चांगदेवने तोंड वाकडं केलं.

"घरात साखर न्हाय," ती म्हणाली. "साहेबांनी बंद करायला सांगितली ना. महिना झाला."

मी तो बिनसाखरेचा चहा घोटाघोटाने संपवला.

ती जवळ आली. "साहेब," तिने हळूच विचारलं, "मंग आता घालू का साखर?"

ती मला टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.