चित्र येतं का?

मिस्त्रींच्या पत्राला आजोबांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चारच ओळींचं. 'मुलीकडे राहायला आलो. डोळे अधू झाले, खांबावर चढणं बंद. टेकडीवरचं काम टिकलंय ना? चित्र येतं का?' खाली फोन नंबर.

एवढ्याला उत्तर द्यायला वेळ तो किती लागणार? पण आजोबांची हयात छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेली. पहिला मसुदा त्यांना फार गोडगोड वाटला, दुसरा पाणीबिलाच्या तक्रारीसारखा कोरडा. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग उशिराबद्दल माफी कशी मागावी हा नवाच प्रश्न उभा राहिला. आजी म्हणायची, "अहो, पत्र माणसाला पाठवायचंय, छापायला नाही!"

मिस्त्रींचे उपकार मात्र खरेच मोठे होते. घर टेकडीच्या पायथ्याशी, खोलगटात. प्रक्षेपणाचा मनोरा टेकडीच्या पलीकडे चाळीस किलोमीटरवर. छपरावर अँटेना लावून तीन कारागीर हात टेकून गेले होते. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. आजोबांनी सिग्नल वाढवणारा बूस्टर आणून टीव्हीपाशी जोडला, तर मुंग्या आणखी बाळसं धरून आल्या. मिस्त्री आले आणि छपराकडे न बघता थेट टेकडी चढून गेले. खाली येऊन म्हणाले, "साहेब, इथे काही पोचतच नाही, मग वाढवणार काय? जिथे धड ऐकू येतं, तिथेच आवाज मोठा करायचा."

त्यांनी माथ्यावर लोखंडी नळ उभा केला. वर अँटेना, तिच्याखाली बूस्टर, आणि तिथून जमिनीत पाइप पुरून अडीचशे मीटर केबल घरापर्यंत. बूस्टरला लागणारी वीजही त्याच केबलमधून, टीव्हीमागच्या एका लहानशा, दिवा असलेल्या डब्यातून वर चढायची. त्या संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलेसुद्धा दिसले. आजीने टाळ्या वाजवल्या होत्या.

आता आजी खुब्याचं हाड मोडून पलंगाला खिळली होती. रविवारी सकाळी दहाला नात टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत बसणार होती. कार्यक्रम एकदाच, तोही थेट. आणि शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर पुन्हा मुंग्या.

"मिस्त्रींना फोन करा," आजी म्हणाली.

"कोणत्या तोंडाने?"

"आहे त्याच. या वयात दुसरं कुठे मिळायला बसलंय!"

खोलगटात मोबाइल मुकाच असायचा. शनिवारी सकाळी आजोबांनी आजीच्या उशाशी असलेला तारेचा फोन उचलला, दोनदा परत ठेवला, तिसऱ्यांदा नंबर लावला. माफीचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं.

"मिस्त्री, आपल्या पत्राला मी..."

"टेकडीखालचे साहेब ना? आवाजावरून ओळखलं. चित्र गेलं का?"

"हो, पण ते पत्र..."

"पत्राचं राहू द्या. टीव्हीमागे दिवा लागलाय का बघा आधी."

आजोबांनी वाकून पाहिलं. मागे काळोखात हिरवा दिवा होता. "लागलाय."

"मग वर जावं लागेल. जमेल?"

जमेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. काठी घेऊन, तीनदा दगडावर बसत, पाऊण तासात ते माथ्यावर पोचले. तिथे मोबाइलला कंठ फुटला. मिस्त्री सांगत गेले तसा त्यांनी केबलचा सांधा सोडवून पुसला, पुन्हा आवळला.

"आता बूस्टरच्या डबीवर हात ठेवा. उन्हाची बाजू नको, सावलीची. कोमट लागते?"

"गार आहे."

"मग वीजच चढत नाहीये. साहेब, खाली तुम्ही दिवा बघितलात तो कुणाचा?"

आजोबांनी तिथूनच घरी फोन लावला.

"हिरवा दिवा?" आजी म्हणाली. "तो माझ्या हवेच्या गादीचा पंप. काल दुपारी तुम्हीच नाही का लावलात, तिथला कसलासा डबा उपटून?"

जन्मभर लोकांच्या वेलांट्या पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीतला दिवा धड वाचता आला नव्हता! मिस्त्रींना पुन्हा फोन लावून सांगितलं, तर पलीकडे हसता हसता त्यांना ठसका लागला.

"हसा, पोटभर हसा," आजोबा म्हणाले. "आणि पत्राबद्दलही आत्ताच रागवून घ्या. चार वर्षं उत्तर दिलं नाही मी."

"रागवायचं कशाला? आमच्या धंद्यात चित्र गेलं की माणूस त्याच दिवशी दारात. चित्र चालू असलं की मिस्त्री कुणाला आठवत नाही. तुमचं उत्तर आलं नाही, की मी मुलीला सांगायचो, बघ, टेकडीवरचं अजून टिकलंय."

आजोबांनी त्या गार डबीवरून हात फिरवला.

घरी येऊन त्यांनी एक एक्स्टेन्शन बोर्ड शोधला, त्यात पंप आणि डबा दोन्ही शेजारी शेजारी बसवले. मुंग्या एका दमात पळाल्या.

रविवारी नात तिसऱ्याच प्रश्नाला अडखळली, मग सावरली आणि दुसरी आली. उशांना टेकून बसलेली आजी मोठ्याने उत्तरं देत होती, त्यातली निम्मी चुकीची. "अहो, तिच्या हनुवटीवरचा तीळ दिसतोय!" ती म्हणाली आणि हसत हसतच पदराने डोळे पुसू लागली.

कार्यक्रम संपला तसा आजोबांनी पलंगाच्या कडेला बसूनच कागद ओढला.

'मिस्त्री, चित्र येतं. आज त्यात आमची नात होती. तिचा तीळ दिसला. हिला गेले सहा आठवडे इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तुम्ही टेकडी चढून गेलात म्हणून हे झालं. दिवा माझाच चुकला, टेकडीवरचं तुमचं काम शाबूत आहे, हे मुलीलाही सांगा.'

"वाचून दाखवा," आजी म्हणाली. त्यांनी वाचलं. "मग? आता काय खोडताय?"

"काही नाही. एक शब्द दोनदा आलाय."

"येऊ दे की."

त्यांनी पेनाला टोपण घातलं. पाकीट चिकटवून, चपला अडकवून ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले. पत्ता पुन्हा एकदा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबलं, आणि पत्र आत टाकलं.