गाळलेलं औषध

आज शेवटचं, असं कालिंदी सबनीसांनी सकाळी लेकीला फोनवर सांगितलं. हे त्यांनी याआधीही दोनदा सांगितलं होतं, म्हणून प्रितीने नुसतं "बरं" म्हटलं. पण आज खरंच शेवटचं होतं. बॅग भरून झाली होती, गिरगावातल्या घराची एक किल्ली शेजारी दिली होती आणि उद्या प्रितीकडे नाशिकला जायचं होतं. प्रथिनांवरच्या संशोधनामागे धावता धावता बाईंची कंबर गेली, गुडघे गेले आणि झोप तर कधीच गेली. आता आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

शंतनुची कंपनी परळला होती, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. शंतनु हा बाईंचा विद्यार्थी, आणि खरं सांगायचं तर लाडका. काही मुलांच्या शरीरात एक प्रथिन जन्मापासून तयारच होत नाही. मग ते शिरेतून द्यावं लागतं, दर आठवड्याला, जन्मभर. परदेशी औषध मिळतं, पण ते इथल्या माणसांच्या स्वप्नातही परवडत नाही. शंतनुला ते परळमध्ये बनवायचं होतं. त्यासाठी त्याने तीन शास्त्रज्ञांचं सल्लागार मंडळ नेमलं. त्यातले एक मागच्या वर्षी वारले आणि त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं ते राहूनच गेलं. उरले हितेंद्रभाई आणि बाई.

सल्लागार म्हणजे लग्नातले थोरले काका. पहिला मान त्यांचा, पुढची खुर्ची त्यांची, पण मांडव कुठे घालायचा ते आधीच ठरलेलं असतं. बैठकीत पडद्यावर आलेख यायचे, चहा-खारी यायची, हितेंद्रभाई घड्याळ बघायचे. शेवटी सगळे मिळून सही करायचे. प्रयोगशाळेत सल्लागार कधी जात नसत. तशी पद्धतच नव्हती.

त्या दिवशी बाई लवकर पोचल्या आणि शंतनु कुठल्याशा फोनवर अडकला होता. बैठकीच्या खोलीत एसी इतका होता की गुडघे ठणकायला लागले, म्हणून त्या उठून प्रयोगशाळेत जाऊन एका स्टुलावर बसल्या. ओळखीच्या वासाने त्यांना जरा बरं वाटलं.

भिंतीवर एक फ्रेम होती. त्यात लिहिलं होतं, ‘चहा असो की प्रथिन, गाळल्याशिवाय घ्यायचं नाही.’ खाली नाव बाईंचंच.

"शंतनु सरांनी लावलंय, मॅडम," आकांक्षा म्हणाली. ही लालबागची मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. "जॉइन झाले तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं आम्हाला."

बाईंना हसू आलं. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत एकच महागडं यंत्र होतं. त्याच्या बारीक नळीत कण अडकला की महिनाभर ते बंद, म्हणून मुलांना त्या हे वाक्य ऐकवत.

"आता काय करतेस?"

"फ्रीजमध्ये वर्षभर ठेवलेलं औषध आहे ना, त्यात गुठळ्या झाल्यात का ते चेक करतेय. एकदम क्लीन येतंय दर वेळी."

असं म्हणत तिने कुपीतलं औषध सिरिंजमध्ये ओढलं, सिरिंजच्या तोंडाला गाळणीची पांढरी चकती लावली आणि औषध गाळून यंत्रात ठेवलं. पडद्यावर सरळ रेघ आली. गुठळ्या नव्हत्या.

नसणारच होत्या. असतील त्या चकतीवर अडकल्या होत्या, आणि चकती आकांक्षाने कचऱ्यात टाकली होती.

बाई बराच वेळ त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिल्या. वर्षभर हेच चाललं असणार. मोजायचा होता गाळ, आणि मोजण्याआधी तोच काढून टाकत होते, अगदी श्रद्धेने. त्यांना राग आला. शंतनुचा नाही, आकांक्षाचा तर मुळीच नाही. नेमक्या आजच उघड्या राहिलेल्या स्वतःच्या डोळ्यांचा राग आला. गप्प बसून सही केली असती तर कुणाला कळलं असतं? त्या उद्या नाशिकला असत्या.

पण गुठळ्या असलेलं औषध रक्तात गेलं की शरीर त्याला शत्रू समजू शकतं. एकदा तसं समजलं की पुढे चांगलं औषधही त्या मुलाला लागू पडत नाही. त्याच्या वाटचं औषधच संपतं.

तेवढ्यात बोलावणं आलं.

बैठकीच्या खोलीत आधी सत्कार झाला. शंतनुने बाईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने कागद पुढे केला. पुढच्या महिन्यात पहिल्या मुलांना औषध टोचायचं होतं, त्याला मंडळाची संमती हवी होती. हितेंद्रभाईंनी सही करून पेन बाईंकडे सरकवलं.

"करा कालिंदीबेन, म्हणजे गंगेत घोडं न्हालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"शंतनु, आकांक्षाला सांग, तीच कुपी एकदा न गाळता मोज."

"न गाळता?" शंतनु हसला. "मॅडम, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगते आहे."

"कालिंदीबेन, सत्काराच्या दिवशी परीक्षा कसली घेता?" हितेंद्रभाई म्हणाले. "मला पुढे शिवडीला जायचंय."

बाईंनी पेन उचललं नाही. शाल अंगावर तशीच घेऊन बसून राहिल्या. शंतनुचं हसू हळूहळू उतरलं. तो हुशार होता, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. तो उठून स्वतःच प्रयोगशाळेत गेला.

परत आला तेव्हा त्याच्यामागे आकांक्षा होती, रडवेली.

"भरपूर आहेत, मॅडम," तिने सांगितलं. "सगळ्या कुप्यांमध्ये."

हितेंद्रभाईंनी कागद ओढून घेतला आणि आपली सही खोडली. त्यांच्याबद्दल बाईंना पहिल्यांदाच आदर वाटला.

शंतनु खुर्चीत बसला. "मॅडम, ते वाक्य तुमचं होतं."

"हो. आपण गाळायचो ते यंत्र जपायला. इथे मुलांना जपायचंय."

"गुठळ्या होणार नाहीत असं मिश्रण नव्याने बसवायचं म्हणजे तीन वर्षं गेली. त्यापेक्षा जास्तच." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी थकलोय हो."

"मीही," बाई म्हणाल्या. त्यांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तशी सवय दोघांनाही नव्हती.

तो त्यांना खाली टॅक्सीपर्यंत सोडायला आला. बाई टॅक्सीत बसल्या, शालीची नीट घडी केली आणि नारळासकट त्याच्या हातात दिली.

"ही कपाटात ठेव. औषध झालं की मग घाल. आणि नारळाची वडी करून आकांक्षाला खायला घाल, पोर घाबरली आहे."

"पण तुम्ही तर उद्या..."

"पुढच्या बैठकीची तारीख कळव. आणि यापुढे बैठक आधी प्रयोगशाळेत. खोलीतला एसी मला सोसत नाही."

शंतनु शाल छातीशी धरून तसाच उभा राहिला. टॅक्सी निघाली.

इस्पितळापाशी सिग्नल लागला. फुटपाथवर गावाहून आलेली माणसं चटया टाकून बसली होती. एक बाई बारीक मानेच्या मुलाला वरणभात भरवत होती. ते पोर तोंड फिरवत होतं आणि ती पुन्हा घास पुढे करत होती. त्याला काय झालं होतं कोण जाणे. बाईंनी फोन लावला.

"उद्या निघतेयस ना गं?" प्रितीने विचारलं.

"नाही गं. आज शेवटचं नव्हतं."



"बरं," प्रिती म्हणाली. मग तिने विचारलं, "जेवलीस का?"