चेष्टा कोणत्या भाषेत?

मी तंबोरा. चार तारांचा, भोपळ्याच्या पोटाचा. मला दोनच गोष्टी येतात, षड्ज आणि पंचम. पण त्या खऱ्या येतात. माणसांना शंभर गोष्टी येतात आणि त्यांतली एकही धड येत नाही. माझी हकिकत ऐकायची असेल तर एवढं आधी ऐकून घ्या. मागाहून मी फटकळ आहे अशी तक्रार नको.

जन्म माझा मिरजेचा. भोपळा सुकवला, तासला, त्यावर दांडी बसवली, आणि तारांखाली सुताचा दोरा सरकवला त्या दिवशी मला कंठ फुटला. कारागीर म्हणाला, "याला कानाचा माणूस भेटो." आशीर्वाद सगळेच फळतात असं नाही. मला झाशीचे बापूराव भेटले.

बापूराव रेल्वेच्या कचेरीत कारकून. लक्ष्मी गेटजवळ घर. वाडवडील कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आलेले. घरात मराठी उरली होती ती लोणच्याएवढी, पानाच्या कडेला. मराठी घरात गाणं हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि गोधडीत गुंडाळून मला आगगाडीने आणलं. स्टेशनावर हमालाने मला चाचपून विचारलं, "बाबूजी, इत्तो बडो कद्दू! घर में ब्याव है का?"

मला लग्नाच्या भाजीचा भोपळा समजणाऱ्या त्या हमालावर माझा राग नाही. त्याने निदान हात लावून पाहिलं. बापूरावांनी मला एक पावसाळा छेडलं आणि मग खोळ घालून खुंटीला टांगलं. पाहुणे आले की खोळ काढायची, "मिरजेचा आहे" म्हणायचं, पुन्हा खोळ घालायची. खोळीत एक पाल माझ्या आधीपासून राहत असावी, इतकी ती निवांत होती.

पुढे त्यांची मुलगी इंदू गाऊ लागली आणि मी खाली उतरलो. वाटलं, सुटलो. कसला सुटतोय!

इंदूचा रियाज म्हणजे काय, ते सांगतो. रेल्वेच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला की बसायची. मला अर्धामुर्धा लावायची. मग एकच चीज पहिल्यापासून सुरू. अंतऱ्यात घसरली की थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घसरली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवात घासलेल्या तांब्यासारखी लखलखीत, आणि अंतऱ्याला बुरशी. समोर आरसा ठेवलेला. स्वर कुठे लागतो यापेक्षा हात कसा दिसतो याची काळजी जास्त. स्वर खाली आला की माझ्या खुंट्या पिळायची. "हा तंबोराच उतरतो बाई!"

मी उतरतो! मी!

शेजारच्या चाची भिंतीपलीकडून ओरडायच्या, "वाह बिटिया, गला है के मिसरी!" आणि इंदू तीच जागा पुन्हा घ्यायची, चाचींसाठी. बापूराव मान डोलवायचे. या गृहस्थाचं खिशातलं घड्याळ स्टेशनाच्या घड्याळापेक्षा मिनिटभर मागे पडलं तर जेवण गोड लागत नसे, मुलीचा पंचम जिन्यावरून गडगडत गेला तरी "वा!" साहेबाच्या भोंग्याला अख्खं शहर धावतं. आपल्या घरातल्या षड्जाला कोणी उठून उभंसुद्धा राहत नाही. अशा लोकांना कला हवी असते म्हणे!

मग नानासाहेब आले. सांगलीकडचे जुने गवई, नोकरीवाल्या मुलाकडे झाशीत राहायला आलेले. शिष्य फार थोडे घेत. बापूरावांनी आदल्या दिवशीच घरात बजावलं, "हे बघ इंदू, त्यांनी नाही म्हटलं तर गाणं बंद. तंबोरा बबीना गावच्या तुझ्या मामाला देऊन टाकू. त्याच्या बैठकीत शोभेल तरी."

म्हणजे तिचं गाणं जाणार, आणि मी पुन्हा भिंतीवर.

इंदूने नानासाहेबांसाठी शुद्ध मराठी बोलायची तयारी केली. 'कोशिश' नको, तो उर्दू. शाळेत 'चेष्टा' शिकवलेला. तो संस्कृत, म्हणजे मराठीच असणार. नमस्कार करून ती ठसक्यात म्हणाली, "नानासाहेब, मी रोज सकाळी गाण्याची चेष्टा करते."

नानासाहेबांचा पानाचा हात तोंडाशी थांबला. "काय करतेस?"

"चेष्टा. खूप मनापासून."

"मनापासून थट्टा करतेस गाण्याची? आणि वर सांगतेस?"

बापूराव घाईघाईने पुढे झाले. "तसं नाही जी! इकडे हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोरीची चूक झाली."

"असं होय!" नानासाहेबांनी पान तोंडात टाकलं. "गा बाळ. मग ठरवू, कोणत्या भाषेत करतेस ते."

ती गायली. सुरुवात लखलखली. अंतरा आला, घसरला. सवयीने ती पुन्हा पहिल्यावर गेली, पुन्हा घसरली, आणि हात माझ्या खुंटीकडे गेला.

"त्याला हात लावू नकोस," नानासाहेब म्हणाले. "तो बरोबर आहे." आयुष्यात प्रथमच माझी बाजू कोणी घेत होतं. मग बापूरावांकडे वळून शांतपणे म्हणाले, "मराठीत करते."

बापूरावांचं तोंड उतरलं. "मग तंबोरा तिच्या मामाकडेच पाठवतो," ते पुटपुटले. उठता उठता नानासाहेब एवढंच बोलले, "दसरा झाला की येतो. तोवर मामाकडे काही पाठवू नका."

दोन दिवस इंदूने मला खोळीत कोंडलं. आरशापुढे रडली, रडतानाही एकदा आरशात बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी उठली, आरसा भिंतीकडे फिरवला, मला मांडीवर घेतलं आणि चक्क गप्प बसली. नुसती तार छेडत राहिली. मग सा लावला. तो खाली होता. हात खुंटीकडे गेला, वाटेत थांबला. तिला ऐकू आलं होतं.

त्यानंतर ती अंतऱ्यापासून बसू लागली. जिथे मोडतं तेवढाच तुकडा, सरळ होईपर्यंत. उठताना मला विचारायची, "आज हिंदी की मराठी?" आणि उत्तर स्वतःच द्यायची. बहुतेक दिवशी तोंड वाकडं करून "मराठी". चाची वैतागल्या. "ए बिटिया, जे का, एकई बात, एकई बात! वो अच्छा वाला नईं गातीं अब?"

"अच्छा वाला खराब था, चाची!"

याला मी मोठी साधना म्हणणार नाही. चिखलातून रस्त्यावर येणं म्हणजे काशीयात्रा नव्हे. पण माझ्या तारांना मात्र आता सोबत होती.

दसऱ्यानंतर नानासाहेब आले. बापूराव दाराशी घड्याळ मुठीत धरून उभे. इंदूने सा लावला, अंतऱ्यात शिरली. शेवटच्या वळणावर स्वर किंचित वाकला. बापूराव "वा!" म्हणालेही. नानासाहेब काही बोलायच्या आत इंदूच थांबली.

"थांबा. हे मराठीत झालं. एवढंच परत घेते."

आणि पहिल्यापासून नाही, तिथूनच घेतलं.

नानासाहेब खदखदून हसले, पान सांडेपर्यंत. "बापूराव, ही उद्यापासून माझ्याकडे. येताना या तंबोऱ्याला आणू दे. आणि तुम्ही मात्र वा म्हणायला येऊ नका."

आता मी रोज नानासाहेबांकडे जातो. भोपळ्यावर टांग्याचे ओरखडे पडलेत, एक खुंटी सैल झाली आहे, आणि पाल बहुधा नव्या खोळीच्या शोधात आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ टांगलेला असेल, तर पाहुण्यांसाठी त्याची खोळ काढू नका. काढलीच तर आधी तोंड मिटा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि मग खुशाल चेष्टा करा. कोणत्या भाषेत, ते तो सांगेल. तो बरोबर असतो.