पट्ट्यावरचा कोट

माप.
नऊ तासांचं विमान. मास्तरच्या बायकोला बसवतं पंधरा मिनिटं. मणक्याच्या ऑपरेशनला पाचच आठवडे झालेले. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलेलं. आणि तिकडे एकट्या लेकीची बाळंतपणाची तारीख गुरुवारची. पहिल्या वर्गात सीटचा पलंग होतो म्हणे. पण त्या तिकिटाला मास्तरचं शिलाईचं दुकान विकलं तरी पुरणार नव्हतं.

बेत.
एक गिऱ्हाईक बोलून गेलं, "जागा उरली की रुबाबदार माणसाला फुकट पुढे बसवतात, मास्तर. कपडे बघतात."
शिंप्याला हे पटायला कितीसा वेळ! बायकोच्या कोटासाठी त्याने पंधरा दिवस मान मोडली. पाठीचा पट्टा दिसू नये म्हणून आत दुहेरी अस्तर. असा कोट त्याने जन्मात शिवला नव्हता.

ट्रायल.
"अगं, महाराणी दिसतेस."
"महाराणी मरायला टेकलीय, तेवढं सांगा दर्जीसाहेबांना."

काउंटर.
बायको ओठ दाबून ताठ उभी.
"मॅडम, पुढे एखादी जागा असेल तर..."
"एकच आहे. पण मागच्या त्या काकांचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांना देतेय. तुमच्या मिसेस तर किती ठणठणीत दिसतात!"

उसवण.
कात्री सामानात गेलेली. मास्तरने बायकोला पाठमोरं केलं, वाकला आणि कोटाची मधली शिवण अस्तरासकट दातांनी तोडली. टर्रकन.
"बघा! हा पट्टा बघा ना!"
काउंटरवालीचं हसू मावळलं. "ऑपरेशन झालंय? मग डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. त्याशिवाय चढताच येणार नाही."
मास्तरच्या ओठांना दोरा तसाच चिकटलेला.
"ह्यांचं काय ऐकता," बायको तशीच पाठमोरी बोलली. आवाज फाटला. "मी ठणठणीत आहे. लेक एकटी आहे हो माझी."
काउंटरवालीने डोळे खाली घातले. दोन पास सरकवले. "एकेचाळिसावी रांग. मी काही पाहिलेलं नाही. जा."

एकेचाळीस.
सीट भिंतीला टेकलेली. तसूभर मागे जाईना. मास्तरने कोटाची घडी केली आणि तिच्या कमरेमागे कोंबली.
"आता?"
"अस्तर मऊ घातलंत," ती म्हणाली, आणि त्याच्या मनगटात नखं रुतवली. "किती तास झाले?"
विमान अजून जागचं हललं नव्हतं.