देवाच्या कानावर

भोंगा हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हतं. ते बाबांनी ठेवलं होतं. ही पोरगी कुजबुजली तरी खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघतात, असं त्यांचं म्हणणं. परदेशात आल्यावर मात्र सुरुवातीचे काही महिने हा भोंगा पार बंद पडला होता. शाळेत कुणी काही विचारलं की ती नुसती मान हलवायची. मग तिथली भाषा एकदा जिभेवर बसली, आणि अशी बसली की विचारू नका! घरमालकाशी हुज्जत घालायला भोंगा, बँकेत भोंगा, नळ दुरुस्तीवाल्याला फैलावर घ्यायलाही भोंगाच.

म्हणूनच टिल्लूच्या हृदयाला भोक आहे, हे आईला सांगायची वेळही तिच्यावर आली. बाबा फरशा बसवायच्या कामावर होते. मुलांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण बोलत होती आणि भोंगा एकेक वाक्य मराठीत करून आईपुढे ठेवत होती. टिल्लू तिचा पाठचा भाऊ, चार पायऱ्या चढला तरी त्याचे ओठ निळे पडायचे. ऑपरेशन करायलाच हवं होतं. तारीख मिळाली, आई-बाबा दोघांच्याही सह्या लागणार होत्या. बाबांनी केली, आई अडून बसली.

"देवाच्या कानावर घातल्याशिवाय मी सही करणार नाही."

"अगं, घरात फोटो आहे ना देवाचा?" बाबा म्हणाले.

"फोटोसमोर रोजचं सांगते मी. हे रोजचं आहे का?"

झालं. भोंग्याने कंबर कसली. एवढं अवाढव्य शहर, जगभरातून आलेली माणसं, आणि एक देऊळ नसेल? फोनवर शोधलं तर पहिलं देऊळ निघालं भलत्याच शहरात, रात्रभराच्या रेल्वेच्या वाटेवर. दुसऱ्या पत्त्यावर देवाचं नाव ठसठशीत लिहिलेलं होतं, म्हणून मायलेकी दोन बस बदलून पोचल्या, तर ते साड्यांचं दुकान. तेही बंद पडलेलं. आईने बंद शटरलाच हात जोडले, आणि भोंग्याला हसावं की रडावं कळेना.

आणि मग शाळेच्या बसमधून तिला ते दार दिसलं.

जुन्या दुकानाचं दार होतं, काचांना आतून कागद चिकटवलेला. दारावर पाटी नाही, काही नाही. पण बाहेरच्या पायऱ्यांवर चपला! बूट, सॅंडल, इवलेसे लाल बूट, एका कडेला नीट ओळीत. भोंगा सीटवरून उठलीच. या शहरात लोक अंथरुणाच्या काठापर्यंत बूट घालून जातात. दाराबाहेर चपला काढून आत जाणारी माणसं आपलीच, दुसरी कोण असणार?

"आई, सापडलं!" घरात शिरतानाच ती ओरडली. "डोळ्यांनी बघून आले."

ऑपरेशन सोमवारी सकाळी होतं. टिल्लूला रविवारी दुपारीच भरती करून घेतलं. संध्याकाळपर्यंत आईची सही आली नाही तर ही वेळ दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल, असं डॉक्टरीण बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. बाबा टिल्लूपाशी थांबले. आईने हॉटेलच्या धुलाईतल्या कामावरून सुट्टी काढली होती, ठेवणीतली साडी नेसली होती, वर जाड कोट, हातात पिशवीत नारळ. तिथल्या इस्त्रीच्या गरम रुळांवर चादरी सोडता सोडता तिच्या मनगटांवर चट्टे उठले होते. ते झाकायला ती बाही सारखी खाली ओढत होती.

पायऱ्यांवर चपला होत्या. आईचा चेहरा असा उजळला की भोंग्याला वाटलं, आपण जिंकलो. आईने बूट काढले, मोजे काढले, थंडगार पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेली.

आत देव नव्हता.

एक लांबट खोली, खाली चटया, बायका-पुरुष मांडी घालून बसलेले. सगळे एका सुरात काहीतरी म्हणत होते. भाषा ना आपली, ना शाळेतली. समोर नुसती पांढरी भिंत. ना मूर्ती, ना तसबीर, ना समई. आई चवड्यांवर उंच होऊन माणसांच्या डोक्यांवरून बघू लागली. "पडदा ओढलाय का गं?" तिने हळूच विचारलं. "नैवेद्याची वेळ आहे का?"

 दाराशी जाड चष्म्याची एक म्हातारी चपलांवर नजर ठेवून बसली होती. तिला शाळेतल्या भाषेत विचारलं, तर तिने तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं, आम्ही अमक्या देशातून आलो. आमच्यात मूर्ती नसते. बसा की.

"आई, चुकलं माझं," भोंगा म्हणाली. इथली भाषा जिभेवर बसल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज कुणालाही ऐकू जाणार नाही एवढा बारीक झाला होता. "हे आपलं नाही. मी नुसत्या चपला बघितल्या. चल, निघू या."

"कुठे निघू या?" आई म्हणाली.

 बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता.

म्हातारीने आईच्या पिशवीतला नारळ काढला, कानाशी धरून हलवला, आतलं पाणी वाजलं तशी समाधानाने मान डोलावली आणि आपल्याजवळ ठेवून घेतला. मग शेजारची चटई थोपटली. आई बसली. भोंगाही बसली.

आई भिंतीकडे वळली. मग तिने हात जोडले आणि बोलायला लागली. मनात नाही, तोंडाने. भोवतालच्या गजरात तिचं मराठी कुणाला ऐकू जात नव्हतं. एक भोंगा सोडून.

"देवा, तू कुठला आहेस मला माहीत नाही. आमचा इथे सापडत नाही. असशील तर ऐक. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी दादा गावाला होता. डॉक्टर म्हणाले, कुणीतरी सही करा. मी केली. घाबरू नकोस म्हटलं तिला, आणि सही केली. ती टेबलावरच गेली. कुणी मला बोललं नाही. दादासुद्धा नाही. पण सही माझी होती ना? हा हात बघ. आता याच हाताने लेकराची सही कशी करू?"

आजी दवाखान्यात वारली एवढंच भोंग्याला ठाऊक होतं. सहीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आई देवासाठी हट्ट करते, जुन्या वळणाची आहे, असं तिने मैत्रिणींपाशी हसत हसत सांगितलं होतं. 

म्हातारीने भोंग्याच्या कोपराला हात लावला. "काय म्हणते तुझी आई?"

सगळ्यांची वाक्यं इकडून तिकडे करणाऱ्या भोंग्याने मान हलवली. "माझा भाऊ आजारी आहे," ती एवढंच म्हणाली. बाकीचं ज्याला सांगितलं होतं त्याच्यापाशीच राहू दे, असं तिला वाटलं.

गजर थांबला. माणसं उठली आणि दाराशी एकच झुंबड उडाली. ज्याला त्याला आपले बूट हवेत. म्हातारी वाकून जोड्या काढू लागली, पण तिचा हात पुरेना. आईने पदर खोचला आणि खाली बसून तीही बूट लावू लागली. तेवढ्यात टिल्लूच्याच वयाचं एक पोर तिच्यापुढे येऊन उभं राहिलं आणि खुशाल तिच्या मांडीवर पाय ठेवता झालं. लाल बूट त्याचेच. आईने आधी त्याचा मोजा सरळ केला, मग बूट चढवला आणि नाडी ओढून घट्ट गाठ मारली. पोराने दुसरा पाय पुढे केला.

मागून त्याची आई धावत आली, हसत शाळेतल्या भाषेत काहीतरी बोलली.

"काय म्हणते गं?" आईने विचारलं.

"म्हणते, हा कुणाकडूनच बूट घालून घेत नाही. लाथा मारतो. तुझ्या हाताला कसा काय गप्प बसला?"

आईने वर बघितलं नाही. तिने दुसरी गाठ मारली, ती सैल तर नाही ना हे बोटाने तपासलं, आणि पोराच्या पावलावरून एकदा हात फिरवला. मग तिथेच बसून, दोन्ही हात मांडीवर उपडे टाकून ती रडली. पोर आपलं टकमक बघत उभं. म्हातारीने कुणाला काही विचारू दिलं नाही. माणसांना बाजूने वाट करून देत राहिली.

बसमध्ये भोंगा खिडकीपाशी बसली. "रागावलीस?" तिने एकदा विचारलं.

"कशाला?" आईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं. "माझी वाचा बसली होती, तू दार तरी दाखवलंस."

दवाखान्यात टिल्लूला उपाशी ठेवल्यामुळे त्याने आकाशपाताळ एक केलं होतं. बाबा त्याला कडेवर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होते.

"भेटला का देव?" त्यांनी विचारलं.

भोंगा तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "तिथे मूर्ती नव्हती, अहो. पण सांगून आले."

नर्सने कागद पुढे केला. भोंगा सवयीने वाचून दाखवायला सरसावली, तशी आई म्हणाली, "राहू दे. कळलंय मला." तिने पेन घेतलं.  पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं. ती थांबली, बाही मागे सारली, मनगटावरचे चट्टे उघडे पडले, आणि मग तिने पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, घाई न करता.

नर्स कागद घेऊन गेली. आईने पेन भोंग्याकडे दिलं आणि दोन्ही हात टिल्लूपुढे पसरले.