लाँच रिकामी जाणार नाही

भूकंपानं आमची घरं पाडली, त्याचा मला एवढा राग आला नाही. राग आला तो नंतर आमची कीव करायला आलेल्यांचा.

आमची वाडी कोयनेच्या पाण्यात. धरण झालं, खालचं गाव बुडालं, तेव्हा सरकार म्हणालं, दुसरीकडं जा. आम्ही धनगर माणसं, म्हशी घेऊन टेकाडावर चढलो आणि तिथंच राहिलो. तीन बाजूंना पाणी, पाठीशी रान. पलीकडचे लोक आम्हाला बेटवाले म्हणतात. म्हणू देत. पाणी आमच्याकडं आलं, आम्ही पाण्याकडं गेलो नव्हतो.

तेव्हापासून वाडीत एक रीत पडली. आमच्यासाठी कुणी काही घेऊन आला, तर त्याची होडी रिकामी परत जाऊ द्यायची नाही. मीठ आणलं, त्याला ताक. नुसता निरोप आणला, त्याला मूठभर करवंदं तरी.

सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षात जमीन हलली आणि भिंती बसल्या. माणसं वाचली, पण माझी बायको मुक्ता ओली बाळंतीण होती. ती आणि पोरगं आंब्याखाली, वाकळेच्या आडोशाला. पहाटे दव गळायचं आणि पोराचे ओठ निळे पडायचे. मला दुसरं काही सुचत नव्हतं. पोराच्या डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, बस्स.

अशात मदतीची लाँच आली. चालवायला आमच्या ओळखीचा मोहिद्दीन, बरोबर साताऱ्याचा एक कारकून आणि कुठल्या तरी परदेशी संस्थेचा गोरा साहेब. त्यांनी उतरवलं काय, तर दुधाची भुकटी! घरोघर म्हशी असलेल्या वाडीत! हसावं की रडावं? पण त्याच ढिगात एक जाड हिरवी ताडपत्री होती. माझी नजर तिच्यावरून हलेना.

माझी आई हरणाबाई तुपाचं मडकं घेऊन काठाला आली. "घ्या. कालच कढवलंय."

कारकून मागं सरला. "नको, आजी. आपद्ग्रस्तांकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"म्हंजी कुणाकडनं?"

"ज्यांचं सगळं गेलंय, त्यांच्याकडून."

"आमचं समदं गेलं, हे तुमाला कुणी सांगितलं? म्हशी हाईत, हात हाईत."

"आजी, तुम्ही फक्त घ्यायचं."

आईचा आवाज चढला. "नुस्तं घ्यायला आमी काय मढी हाय व्हय? मढ्याफुडं ठेवत्यात, त्ये काय परत देत न्हाई. आमी जिती हाय, रावसाहेब. तूप घ्यायचं नसंल, तर तुमची भुकटी बी उचला!"

साहेबाला काय कळत होतं कुणास ठाऊक, तो आपला हसत उभा होता. हे भांडण मिटायची वाट बघायला मला सवड नव्हती. मी ताडपत्री खांद्यावर टाकली आणि आंब्याकडं सुटलो.

ताडपत्री बघून मुक्ताचा चेहरा उजळला. मग तिनं काठाकडं बघितलं. "आवं, त्येंनी काय नेलं?"

"काय न्हाई."

"मग आपुन कशी घ्यायची?"

"पोरगं गारठतंय, मुक्ते!"

"माझं हाय त्ये. मला कळतंय. ठिवून या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक सासू तशी, एक सून अशी! तरी पाय काठाकडं वळले. ती म्हणत होती ते मलाही पटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. ताडपत्री लाँचमध्ये आदळून मी ओरडलो, "न्या तुमची तुमाला!"

लाँच आली तशी भरलेली परत गेली. मग अख्खी वाडी माझ्या पडक्या घराला भिडली. कुणी कारवी तोडली, कुणी वासे उभे केले, बायकांनी गवत वाहिलं. दिवस मावळायच्या आत छप्पर चढलं. आईनं तुपाचं मडकं कामाला आलेल्यांच्या भाकरीवर रितं केलं.

दुसऱ्या दिवशी लाँच पुन्हा हजर. साहेब उतरला, आईपुढं आला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"तूप मागतोय," मोहिद्दीन म्हणाला. "काल परत जाताना त्यानं खोदून खोदून विचारलं. कारकुनाला सगळं सांगावंच लागलं."

"काल देत हुते, तवा घ्यायचं. आता संपलं," आई म्हणाली. साहेब ओशाळला. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात तर धडधाकट हाईत. धोंडिरामाचं घर अजून पडलंय. वासा धर म्हणावं त्याला. मग जेवू घालते."

"अहो, ते साहेब आहेत!" कारकून कळवळला. त्याचं कुणी ऐकलं नाही, साहेबानंही नाही. मोहिद्दीननं वाशाकडं बोट दाखवलं आणि साहेबानं कोट काढून बाह्या सरसावल्या. दुपारपर्यंत तो वासे वाहत होता. खांदा सोलला, पण गडी हटला नाही. मग आमच्या पंगतीला मांडी घालायची धडपड करत बसला आणि दूध-भाकरी खाल्ली. त्याची दुसरी भाकरी संपल्यावर आईनं मला मान हलवून खूण केली, तेव्हा मी लाँचमधली ताडपत्री उतरवून घेतली.

पोरगं आमच्या छपराखाली गाढ झोपलं होतं. ताडपत्री आम्ही म्हशींवर टाकली.