मिन नावाची माणसं

जावातल्या रेम्बांगच्या बंदरावर माझी कॉफीची टपरी. दुपारी समुद्र सायीसारखा निपचित पडतो, होड्या डुलक्या घेतात, माणसं पण. अशाच एका दुपारी सातिनाह आजी बसमधून उतरली अन् माझ्या बाकावर येऊन टेकली.

"माझा मिन इथं होडीवर आहे म्हणतात. एकदा बघायचाय. डोळे चाललेत माझे. डॉक्टर म्हणतो, पावसाळ्यापर्यंत उजेड तेवढा कळेल, तोंडं नाही."

मिन तिच्या पोटचा नाही. त्याची आई बाळंतपणात गेली, हिनं आपल्या लेकीबरोबर त्याला पाजला. चालायला लागला तसा बाप घेऊन गेला.

"पूर्ण नाव काय त्याचं?"

"पाजताना कोण पूर्ण नावानं हाक मारतं रे बाबा?"

खरंच आहे. आमच्या जावात नावाचं शेपूटच हाकेला पुरतं. मला सगळे गिम म्हणतात, ओळखपत्रावरचं सुगिम सरकारलाच ठाऊक.

समोरच वेनिंग लॅपटॉप घेऊन बसली होती. कुठल्या होडीवर कोण, होडी कधी येणार, हे सगळं सांगणारी बंदराची वेबसाइट तिनंच केलेली. तिनं 'मिन' टाकलं. काहीच नाही.

"पोरी, अख्खं बंदर मिननं भरलंय," मी म्हटलं.

"गिमकाका, हे नुसतं अख्खं नाव जुळवतंय. नावं मी ओळखपत्रावरून घेतली ना." तिनं कपाळावर हात मारला. "थांबा, जरा सैल करते."

मग नावाची सुरुवात जुळवून पाहिली. एकटा मिनार्नो आला. तो तर होड्यांना बर्फ पुरवणारा, सासुरवाडीनं समुद्राला बंदी घातलीय म्हणून पाण्यात पाय घालत नाही.

"अजून सैल कर."

तिनं सगळंच मोकळं सोडलं अन् पडदा भरून वाहायला लागला. मिना जया, मिना लेस्तारी, मिना बारू... मिना म्हणजे मासा, इथं निम्म्या होड्यांची नावं त्यावरूनच. त्यांच्यावरचे खलाशी, तांडेल, सगळे वर आले.

"एवढे सगळे माझे?" आजी हसली. "दूध पुरलं नसतं गं."

"होडीचं नाव शोधायचं नाही, माणसाचं तेवढं," वेनिंग पुटपुटली. बोटं चालली. अन् मग पाण्याखालून मासे वर यावेत तशी एकेक नावं आली. पैमिन. तुकिमिन. वागिमिन. कास्मिन. सुकिमिन. वेनिंग हळू वाचत गेली. आजी डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते तिचे. कुठला तिचा, कसं कळणार?

"सगळ्यांनाच बोलावू," मी म्हटलं.

बंदराच्या भोंग्यावरून वेनिंगनं सगळी नावं पुकारली. "तुमच्यातल्या एकाला पाजणारी आई गिमकाकांच्या टपरीवर बसलीय."

ऊन कलताना बाहेरच्या होड्या लागल्या, तिनं पुन्हा पुकारलं. मिन येत गेले. कुणी जाळ्याला टाके घालता घालता उठून आलेला, कुणी अंगावर खवले घेऊन. मोठे दांडगे गडी, बाकासमोर मातीत ओळीनं बसले, शाळेतल्यासारखे. टोप्या काढून हातात घेतल्या.

आजी एकेकाच्या डोक्यावरून बोटं फिरवत चालली. तुकिमिन, नाही. पैमिन, नाही. कास्मिनच्या डोक्यावर बोटं थबकली. केसांत मागे दोन भोवरे होते.

"पाजताना माझं बोट इथंच फिरायचं," ती म्हणाली. मग त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं अन् अगदी जवळून, श्वास लागेल इतक्या जवळून बघत राहिली. कास्मिन एवढा रांगडा गडी, पापणी हलवेना.

"केसांत केवढं मीठ हे! तेल नाही लावत रे?"

"कोण लावणार, आई?"

"गिम, तेल आण."

"आजी, सोयाबीनचं टेम्पे तळायचं तेल आहे ते."

"नारळाचंच ना? आण."

वाटी आणून दिली. ती कास्मिनचं डोकं चोळत बसली. समुद्र तांबूस झाला, कॉफी उकळून उकळून आटली, मला उठायचं भानच नाही. पाहतो तर बाकीचे मिन उठून गेलेच नव्हते. टोप्या मांडीवर ठेवून, माना खाली घालून, आपली पाळी यायची वाट बघत बसले होते.